कढईत पाणी सुटू नये म्हणून: टोफू-भाज्यांचं स्टर-फ्राय आणि सोबत अख्खं धान्य

बायकोला दूध सोसेनासं झालं आणि आमच्या घरातून पनीर गेलं. त्याच्या जागी मी सोयाबीनपासून केलेला टोफू आणला. पाकीट फोडलं, पनीरचे करतो तसे चौकोनी तुकडे केले आणि कोबी-गाजराबरोबर कढईत टाकले. पाच मिनिटांत निम्मा टोफू तळाला चिकटला होता, उरलेल्याचा चुरा झाला होता आणि सगळं फिकट पाण्यात पोहत होतं. आईने ताटात चमचा फिरवला आणि विचारलं, "दूध नासलं होतं का रे?"

पुढच्या वेळी मी त्वेषाने तळला. तेव्हा ती म्हणाली, "आता खोडरबर झालाय."

ठाण्याच्या आमच्या एका खिडकीच्या स्वयंपाकघरात असे सात-आठ प्रयोग झाल्यावर कळलं की सगळी भानगड पाण्याची आहे. टोफूच्या पोटात पाणी, धुतलेल्या भाजीवर पाणी, मीठ लागलं की भाजीतून सुटणारं पाणी आणि गिचका भातातलं पाणी. कढईत पाणी साचलं की तापमान पाण्याच्या उकळीच्या वर, म्हणजे १०० अंशांच्या वर, जातच नाही. मग जिन्नस भाजला न जाता उकडतो. खालच्या बहुतेक पायऱ्या या पाण्याचा बंदोबस्त करण्यासाठीच आहेत. स्टर-फ्राय, म्हणजे मोठ्या आचेवर झटपट परतलेला हा पदार्थ, प्रत्यक्ष शेगडीवर असतो जेमतेम पंधरा मिनिटं.

आधी हे जमवा (दोन-तीन माणसांसाठी)

- घट्ट टोफू, २०० ग्रॅम
- चिरलेल्या भाज्या, साधारण चार वाट्या
- अख्खं धान्य, एक वाटी (कोणतं ते पहिल्या पायरीत)
- लसणाच्या सहा-सात पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, दोन हिरव्या मिरच्या
- सोया सॉस, व्हिनेगर किंवा लिंबू, थोडा गूळ, मिरपूड
- कॉर्नफ्लोर
- शेंगदाण्याचं रिफाइंड तेल, आणि असेल तर शेवटी घालायला थोडं भाजक्या तिळाचं तेल
- लोखंडी कढई किंवा बिडाचा पसरट तवा, सपाट कालथा
- एक स्वच्छ पंचा, दोन सपाट ताटल्या, खलबत्ता
- परात

वेगळा वोक विकत घ्यायची गरज नाही. वोक हा कॅन्टनीज शब्द आहे आणि त्याचा अर्थ कढई. आपल्याकडची जाड लोखंडी कढई उत्तम चालते. इंडक्शन असेल तर मात्र सपाट बुडाचं भांडं हवं. नॉनस्टिक इथे टाळा. त्याचा थर रिकाम्या भांड्यात मोठ्या आचेवर २६० अंशांच्या पुढे तापला की खराब होऊ लागतो, आणि आपल्याला तर मोठी आचच हवी आहे. घरात नॉनस्टिकच असेल तर मध्यम आचेवर करा. रंग कमी येईल, पण खाण्यालायक नक्की होईल.

१. धान्य आदल्या रात्रीच ठरवा

सगळ्यात जास्त वेळ धान्याला लागतो आणि नवखा माणूस सगळ्यात शेवटी त्याचाच विचार करतो. भाजी कढईतून उतरली की लगेच खायची असते. ती कुकरच्या शिट्टीची वाट बघत बसली की मऊ पडते. म्हणून धान्य आधी शिजवून, गार करून तयार ठेवायचं.

राळे (बारीक दाण्याचं भरडधान्य): नवख्यांनी इथून सुरुवात करावी. तीनचार पाण्यांतून धुवा आणि नीट रोळून घ्या, खडे असतात. अर्धा तास भिजवा, निथळा, एका वाटीला दोन वाट्या पाणी उकळून त्यात घाला. आच बारीक, झाकण घालून बारा मिनिटं. मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. (या लेखात झाकणाला परवानगी फक्त धान्यापुरती आहे, पुढे कळेलच.) घेताना एक बघा: अगदी पिवळेधमक, चकचकीत राळे बहुतेक पॉलिश केलेले असतात, म्हणजे कोंडा गेलेला. थोडे मळकट, निस्तेज दिसणारे घ्या. उपासाच्या पांढऱ्याशुभ्र भगरीचंही तेच. ती चवीला छान असते, पण कोंडा काढलेली असते.

हातसडीचा तांदूळ: तासभर भिजवा. कुकरमध्ये एकास सव्वादोन वाट्या पाणी, पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक करून बारा-पंधरा मिनिटं. कोकणातला किंवा गोव्याचा उकडा तांदूळ असेल तर तिकडच्यासारखंच करा: भरपूर पाण्यात उघडा शिजवा आणि पेज गाळून घ्या. दाणा सुटा राहतो आणि वर मीठ घालून पेज प्यायला मिळते. मला स्टर-फ्रायसोबत हाच सगळ्यात आवडतो.

ज्वारी: आई सोलापूरकडची, त्यामुळे आमच्याकडे ज्वारीला नाही म्हणायची सोय नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हे ती नवीन पाहुण्याला चहाच्या आधी सांगते. अख्खी ज्वारी रात्रभर, आठ-दहा तास भिजवायचीच. मग तिप्पट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला एक शिट्टी मोठ्या आचेवर आणि पुढे अर्धा तास बारीक आचेवर. शिजून दाणा उकलतो, तरी दाताखाली चिवट लागतो. तो तसाच लागायला हवा, कच्ची राहिली म्हणून घाबरू नका. उरलेलं पाणी गाळून टाका. एकदम जास्त शिजवून डब्यांतून फ्रीझरमध्ये ठेवता येते, महिनाभर काळजी नाही. कण्या मात्र या कामाला घेऊ नका. कण्या ताकाबरोबर सुरेख लागतात, पण चिकट होतात आणि सॉस पडला की त्यांची खळ होते.

सांगली-कोल्हापूरकडे खिरीसाठी सडलेला खपली गहू मिळतो. तोही रात्रभर भिजवून ज्वारीसारखाच शिजवता येतो.

शिजलेलं धान्य गरम असतानाच परातीत पसरा, काट्याने मोकळं करा, वाफ जाऊ द्या. पण गार करायला म्हणून दुपारभर ओट्यावर विसरू नका. शिजवल्यानंतरही टिकणारे बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भातात असू शकतात. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तासाभरात फ्रीजमध्ये टाका आणि एक-दोन दिवसांत संपवा.

२. टोफू घेताना

दुकानात तो पनीरच्या शेजारी फ्रीजमध्ये असतो. काही ठिकाणी सोया पनीर म्हणून विकतात. तुम्हाला घट्ट हवा. बोटाने दाबल्यावर किंचित दबून परत वर येणारा. "सिल्कन" लिहिलेला मऊ टोफू सुपात किंवा गोडात घालतात, कढईत त्याची खीर होते. माझा पहिल्या दिवशीचा घोटाळा काही अंशी हाच होता, पाकीट वाचलंच नव्हतं.

फुगलेलं पाकीट घेऊ नका. घरी फोडल्यावर आंबूस वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागला तर टाकून द्या, धुऊन तो सुधारत नाही. उरलेला टोफू पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, तीन-चार दिवसांत संपवा.

प्रथिनं ब्रँडप्रमाणे बदलतात, पाकिटामागे वाचा. घट्ट टोफूत १०० ग्रॅममागे साधारण १० ते १५ ग्रॅम असतात. पनीरपेक्षा चरबी बरीच कमी. पण टोफूत बी-१२ नसतं. दूध-अंडी-मांस सगळंच सोडलेलं असेल तर त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. आणखी एक: थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोयामुळे ती अंगी कमी लागू शकते. दोघांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

लातूरपासून विदर्भापर्यंत आपल्याकडे शिवारंच्या शिवारं सोयाबीनची असतात. त्यातलं बहुतेक तेलाला आणि पेंडीला जातं, आणि टोफू मात्र आपल्याला परदेशी वाटतो. खरं तर तो सोयाबीनच्या दुधाचं पनीरच आहे: दाणे भिजवून वाटायचे, गाळायचे, दूध चांगलं उकळायचं, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमच्या क्षाराने फाडायचं आणि दाबायचं. चिनी लोक हे दोन हजार वर्षांपूर्वी शिकले असं ते मानतात. मी घरी एकदा लिंबाने फाडून केला. चोथ्याची थालीपीठं अप्रतिम झाली. टोफूबद्दल पुन्हा कधीतरी.

३. टोफूतलं पाणी काढा

ही पायरी गाळून चालत नाही.

पाकिटातलं पाणी ओतून द्या. टोफू पंच्यात गुंडाळा, एका ताटलीवर ठेवा, वर दुसरी ताटली पालथी, तिच्यावर खलबत्ता. वीस ते तीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं खलबत्त्यातला बत्ता बाजूला काढून ठेवा. एकदम जास्त वजन आलं की टोफू कडेने फाटतो. पंचा उघडल्यावर तो चिंब झालेला दिसेल आणि ताटलीतही पाणी असेल. एवढं सगळं तुमच्या गरम तेलात गेलं असतं.

घाई असेल तर दुसरा मार्ग. टोफूचे तुकडे करा, पातेल्यात ठेवा आणि चांगलं खारट, उकळतं पाणी ओता. दहा मिनिटांनी काढून पंच्यावर पसरा. गरम पाण्यात घालून पाणी कसं कमी होणार असं मलाही वाटलं होतं. पण उष्णतेने टोफू आवळतो आणि आतलं पाणी बाहेर सोडतो, शिवाय मीठ आत मुरतं. पंच्यावर टाकल्यावर तुकड्यांवरून वाफ निघून पृष्ठभाग भराभर कोरडा होतो. हल्ली मी हेच करतो.

तिसरा मार्ग आळशांचा: आणलं पाकीट की फ्रीझरमध्ये. टोफू पिवळट होतो, घाबरू नका. बर्फाच्या कणांनी आत भोकं पडतात. वितळल्यावर तळव्यांमध्ये धरून दाबला की स्पंजासारखं पाणी पिळून निघतं, आणि नंतर सॉसही स्पंजासारखाच ओढून घेतो. जपानात कोया पर्वतावरच्या मठांच्या नावाने गोठवून वाळवलेला टोफू मिळतो, तो याच युक्तीचा. चिवटपणा येतो. ज्यांना ताटात चावायला काहीतरी लागतं त्यांना हा आवडेल.

४. भाज्या धुवा, वाळवा, गट पाडा

भाज्या स्वयंपाकाच्या तासभर आधी धुऊन पंच्यावर पसरा. धुऊन लगेच चिरून कढईत, ही सवय इथे नडते.

चिरताना सगळे तुकडे सारख्या जाडीचे. मग तीन ताटल्यांत तीन गट:

- कडक: गाजर, फरसबी, नवलकोल, ब्रोकोलीचे देठ
- मधल्या: ढोबळी मिरची, जाडसर चिरलेला कोबी, ब्रोकोलीचे तुरे, कांद्याच्या फोडी
- नाजूक: कांद्याची पात, मोड आलेले मूग, पालक, चाकवत

पहिल्या वेळी तीनच भाज्या घ्या, प्रत्येक गटातली एक. गाजर, ढोबळी, कांद्याची पात. सात भाज्यांचा रंगीबेरंगी फोटो बघून आपणही सात घेतो आणि चिरता चिरताच दमतो. थंडीत मुळ्याच्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, मिळाल्या तर त्या कडक गटात टाकून बघा. चायनीजच्या कुठल्याही गाडीवर मिळणार नाही अशी चव.

फरसबी आणि ब्रोकोली उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार पाण्यातून काढून, पूर्ण कोरड्या करून घेतल्या तर कढईत हमखास वेळेत शिजतात. मशरूम धुवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि वेगळे परता. ते एकटेच वाटीभर पाणी सोडतात.

५. सॉस वाटीत आधीच कालवा

शेगडी पेटल्यावर बाटल्यांची झाकणं उघडायला वेळ मिळत नाही. दोन पोह्याचे चमचे सोया सॉस, एक चहाचा चमचा व्हिनेगर, तेवढाच किसलेला गूळ, सपाट चहाचा चमचा कॉर्नफ्लोर, चार पोह्याचे चमचे पाणी, मिरपूड. ढवळा, चाखा. नुसता खाल्ला तर किंचित जास्त खारट लागला पाहिजे, कारण धान्य अळणी आहे.

वेगळं मीठ घालू नका. १५ मिलिलिटर सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब असलेल्यांनी एकच चमचा सोया सॉस घ्यावा आणि लिंबू, लसूण वाढवावं. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा, साध्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. तामारी हा प्रकार सहसा गव्हाविना असतो, पण लेबल वाचूनच घ्या.

आमच्या घरचा दुसरा सॉस: दोन चमचे दाण्याचं कूट, चमचाभर चिंचेचा कोळ, गूळ, एक चमचा सोया सॉस आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ज्वारीबरोबर हाच घ्या.

६. टोफू आधी, एकटा

खिडकी उघडा. मुलांना ओट्यापासून लांब करा.

टोफूचे तुकडे बोटाच्या पेराएवढे करा. पुन्हा एकदा पुसा. त्यांच्यावर दीड पोह्याचा चमचा कॉर्नफ्लोर भुरभुरवा आणि हलक्या हाताने घोळवा. हे कढईत टाकण्याच्या अगदी आधी करायचं. आधी घोळवून ठेवलं तर पीठ ओलं होऊन त्याचा चिकट लेप बनतो.

रिकामी कढई मोठ्या आचेवर तापवा. पाण्याचा एक थेंब टाका. तो फस्सकन उडून गेला तर अजून थांबा. थेंब गोळी होऊन कढईत इकडून तिकडे पळायला लागला की तापली. ते पाणी पूर्ण जाऊ द्या, मग दोन चमचे तेल घाला, कढई फिरवून सगळीकडे लावा, आच मध्यमपेक्षा थोडी वर ठेवा आणि तुकडे एकेक करून, एका थरात, अंतर ठेवून मांडा.

आणि आता हात मागे.

नवख्याला सगळ्यात अवघड जाते ती ही तीन मिनिटं. कालथा हातात असला की तो आपोआप चालतो. सुरुवातीला टोफू कढईला धरून बसतो, ओढायला गेलात की खालचं कवच कढईत आणि वरचा तुकडा हातात. चर्र असा आवाज ऐकत राहा. तो हळूहळू बारीक, कोरडा होत जातो. तुकड्याच्या कडेला सोनेरी रेघ दिसायला लागते. मग एका तुकड्याला कालथ्याच्या टोकाने कडेने टिचकी मारा. सरकला तर तयार. नाही सरकला तर अजून अर्धं मिनिट. पालटा, दुसरी बाजू दोन मिनिटं. सहाही बाजू सोनेरी करायच्या मागे लागू नका. मी तसंच केलं होतं म्हणून खोडरबर झाला. दोन बाजू कुरकुरीत आणि मधे मऊ, एवढंच हवं.

ताटलीत काढा. झाकू नका, वाफेने कुरकुरीतपणा जातो.

७. भाज्या: चार मिनिटं, झाकण नाही, मीठ नाही

आपल्याकडे भाजी परतणं म्हणजे फोडणी, भाजी, मीठ, आणि वर झाकण ठेवून झाकणावर पाणी. वाफेवर भाजी शिजते, रंग उतरतो, चव एकजीव होते. वांग्याला, दोडक्याला ते बरोबर आहे. इथे ते तीनही हात आवरायचे. झाकण नको, मीठ आत्ता नको, पाणी तर नकोच.

चायनीजच्या गाडीवर भट्टीची ज्योत कढईच्या काठाच्या वर येते. त्या आचेत भाजीला जो धुरकट वास लागतो त्याला कॅन्टनीजमध्ये वोक हेइ म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. घरच्या शेगडीची आच त्याच्या कित्येक पट कमी असते. तो वास घरी पूर्ण येणार नाही. पण कढई भरली नाही तर आपण बरेच जवळ जातो. म्हणून एका वेळी दोन वाट्यांपेक्षा जास्त भाजी टाकू नका. चार वाट्या असतील तर दोन घाणे. चार-पाच मिनिटं जास्त जातात, पण इथे घाई केलीत तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

क्रम असा:

कढई पुन्हा कडक तापवा, चमचाभर तेल. ठेचलेला लसूण, आलं, मिरची. पंधरा सेकंद. लसणाची कड जरा रंगली की थांबायचं नाही, जळका लसूण अख्खी कढई कडू करतो. आणि ठसका लागतोच, तोंड बाजूला करा.

कडक गट टाका. दोन मिनिटं सतत हलवा, कालथा तळापासून वर.

मधला गट. दीड मिनिट. ढोबळीच्या सालीवर एखाददुसरा काळा डाग दिसायला हवा.

नाजूक गट अर्ध्या मिनिटासाठी.

दोन घाणे करत असाल तर कडक आणि मधला गट अर्धा-अर्धा वाटून घ्या, पहिला घाणा ताटलीत काढा, आणि नाजूक गट दुसऱ्या घाण्याच्या शेवटी टाका.

गाजर दाताखाली कुडुम वाजलं पाहिजे. आईला अजून ते कच्चंच वाटतं. तिच्या वाटणीचं गाजर मी आता किसून टाकतो, दोघंही खूश.

८. सगळं एकत्र

सगळी भाजी आणि टोफू कढईत घाला. सॉसची वाटी पुन्हा ढवळा, कॉर्नफ्लोर तळाशी बसलेला असतो. न ढवळता ओतलात तर आधी पाणी पडेल आणि शेवटी पिठाचा गोळा. सॉस मधोमध न ओतता कढईच्या कडेने गोल ओता. तापलेल्या लोखंडावर तो फसफसतो, सोया सॉसला भाजका वास येतो. वीस-तीस सेकंदांत सॉस चकचकीत होऊन प्रत्येक तुकड्याला धरतो. गॅस बंद. आता तिळाचं तेल, भाजलेले तीळ, लिंबू. लिंबाने चव तर उठतेच, शिवाय त्यातल्या क जीवनसत्त्वाने सोयातलं आणि धान्यातलं लोहही अंगी जास्त लागतं.

धान्य वाडग्यात खाली, भाजी वर. ढवळून खिचडी करू नका. फ्रीजमधलं गार धान्य असेल तर त्याला आधी वेगळ्या भांड्यात पाण्याचा हबका मारून चांगलं वाफ येईपर्यंत गरम करा.

९. बिघडलं तर

कढईत पाणी साचलं: भाजी झाऱ्याने बाहेर काढा, पाणी आटवा, भाजी परत टाका. मऊ होईल, पण सूप होणार नाही.

टोफूचा चुरा झाला: कांदा, हळद, तिखट, टोमॅटो, कोथिंबीर घाला आणि भुर्जी केली म्हणून जाहीर करा. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच झालं, आणि त्या भुर्जीची फर्माईश अजून होते.

खारट झालं: पाणी ओतू नका, धान्य वाढवा.

टोफू अळणी लागतो अशी तक्रार आली: तो मुळात अळणीच असतो. पुढच्या वेळी खारट उकळत्या पाण्याची युक्ती करा. सोया सॉसमध्ये तासभर मुरवत ठेवण्याने फार काही आत जात नाही, उलट टोफू ओला होतो आणि तळताना बाहेरून करपतो.

१०. डबा आणि कढई

ऑफिसच्या डब्यात न्यायचं असेल तर धान्य आणि भाजी वेगवेगळ्या कप्प्यांत, आणि भाजी कोमट झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. टोफूचा कुरकुरीतपणा दुपारपर्यंत टिकत नाही, ते मान्य करून न्या. ज्वारीचा डबा राळ्यांपेक्षा चांगला टिकतो, दुपारीसुद्धा दाणे सुटे असतात.

लोखंडी कढईत जेवण संपेपर्यंत भाजी ठेवू नका. व्हिनेगर आणि लिंबाने तिच्यावरचा तेलाचा थर सुटतो आणि भाजी काळपट पडून लोखंडाची चव येते. काढून घेतल्याबरोबर कोमट पाण्याने, मऊ काथ्याने घासा, शेगडीवर ठेवून पूर्ण वाळवा आणि तेलाचं बोट फिरवा. सुरुवातीच्या पाच-सहा वेळा टोफू थोडा चिकटेल. आमची कढई आता अशी झाली आहे की आई धिरडी त्याच कढईत घालायला मागते, आणि मी द्यायला कुरकुर करतो.